बरा झालेला पाणबुड्या

वू जंगसिक पाण्यात उतरला की डोळे मिटून घ्यायचा. त्या तळ्यावरच्या प्रत्येक पाणबुड्याला पहिल्याच वर्षी ही सवय लागते. धरणामागचं ते पाणी काठावरून निळंशार दिसतं, पण चार पुरुष खाली गेलं की नुसता गाळ. दिव्याचा झोत हातभरावर अडतो आणि डोळ्यांना नसलेलं दिसायला लागतं. त्यापेक्षा मिटलेले बरे. मग उरतात हात. तळाशी वजन सोडायचं, त्याला दोरी बांधायची, दोरीचं टोक एका हातात धरून गोल फिरायचं आणि दुसऱ्या हातानं तळ चाचपत जायचं. एक फेरा झाला की दोरी थोडी सैल सोडायची, पुन्हा फेरा. हाताला टायर लागतो, जाळं लागतं, बुडालेल्या गावांच्या कुंपणांचे दगड लागतात. आणि ज्याच्यासाठी खाली आलो, तो माणूस लागतो.

जंगसिक अग्निशमन दलाच्या बचाव तुकडीत होता. ठेंगणा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. घरी बायको हेग्यंग आणि शाळेत जाणारी मुलगी सेबोम. जेवताना तो भाताच्या वाटीवर इतका वाकायचा, की सासू म्हणायची, "जावईबापू वाटीत बुडी मारतात की काय?" तेव्हा तोही हसायचा. होडी उलटण्याच्या आधीची ही गोष्ट.

धरण झालं तेव्हा गावं बुडाली. पूर्वजांची थडगी टेकडीवर होती, ती राहिली. टेकडीचं बेट झालं. शरदातल्या सणाआधी थडग्यांवरचं गवत कापावं लागतं, म्हणून दर वर्षी बुडालेल्या गावची माणसं होडीनं तिकडं जातात. काका, पुतणे, जावई, भाताचे डबे, पूर्वजांपुढे ओतायची दारू, गवत कापायची यंत्रं. त्या रविवारी वारा होता. होडी कलली, सगळे एकाच बाजूला धावले. जंगसिक आणि त्याचा जोडीदार प्यो मानसू दोन दिवस खालीवर करत राहिले. बुडालेल्यांतल्या एकाच्या पाठीवर गवत कापायचं यंत्र पट्ट्यांनी बांधलेलं तसंच होतं. तो जंगसिकच्या हाताला लागला. तिथं काय झालं, हे जंगसिकनं पुढं किती जणांना सांगितलं याला मोजमाप नाही; आणि तरी जे झालं ते त्यानं कुणालाच सांगितलं नाही.

दलानं काहीच केलं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. दलानं पुष्कळ केलं.

आधी ठाण्याच्या वरच्या मजल्यावर, ठाणेप्रमुख छे साहेबांच्या खोलीला लागून, मन शांत करण्याची खोली झाली. निळा मंद उजेड, माशांची पेटी, अंग चेपणारी एक मोठी खुर्ची आणि भिंतीतून येणारा झुळझुळ ओढ्याचा आवाज. उद्घाटनाच्या दिवशी मानसूनं आत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "घ्या! निळं पाणी, बुडबुडे, मासे. यांनी आपल्याला पुन्हा तळातच नेऊन बसवलं की!" त्या खोलीत जायचं तर साहेबांच्या उघड्या दारावरून जावं लागे, आणि जिन्यावर कोण चढतंय ते खालच्या सगळ्यांना दिसे. त्यामुळे खुर्चीत फक्त छे साहेब बसायचे; त्यांची कंबर धरायची. मासे अधूनमधून मरत. "उपचार लागू पडत नाहीत बिचाऱ्यांना," असं म्हणत मानसू नवे आणून सोडायचा.

मग समुपदेशक आले. दर गुरुवारी एक. पण त्यांची नेमणूक असे वर्षाच्या कंत्राटावर. बर्फ पडायला लागलं की कंत्राट संपायचं आणि चेरी फुलली की नवं माणूस यायचं. पहिल्या वर्षी क्वाकबाई होत्या, पिकल्या केसांच्या. त्यांच्यासमोर जंगसिक कितीतरी गुरुवार मुका बसला. एकदा त्याचे हात टेबलावर थरथरायला लागले, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. आपला चहाचा पेला उचलून बाजूला ठेवला, हातांना जागा करून दिली. त्या दिवशी त्याला वाटलं, पुढच्या खेपेला सांगता येईल. पुढच्या खेपेला खोलीला कुलूप होतं. कंत्राट संपलं होतं.

वसंतात जिन नावाचे गृहस्थ आले. नवी वही उघडून म्हणाले, "अगदी सुरुवातीपासून सांगा."

ज्याला सुरुवात सापडत नव्हती, त्याला एक सुरुवात बनवावी लागली. रविवारचा वारा, डब्यांतला भात, आणि मग तो माणूस, पाठीवर यंत्र. तिथं येऊन जंगसिक अडला. जिन वाट पाहत होते. अशा वेळी माणसाच्या तोंडून काहीतरी निघतंच. त्याच्या तोंडून निघालं, "शाळेतून दमून आलेल्या पोराच्या पाठीवरचं दप्तर काढावं ना, तसे मी ते पट्टे सोडवले."

जिननी चष्मा काढला. त्यांचे डोळे भरून आले होते. जंगसिकनं त्यांच्यापुढं कागदी रुमालांचा डबा सरकवला.

खरं म्हणजे पट्टे सुटलेच नव्हते. ओले, फुगलेले, गाठ पडलेले पट्टे. टाकीतली हवा संपत आली होती. त्यानं सुरी काढली आणि मिटल्या डोळ्यांनी कापलं. सुरी पट्ट्यातून गेली आणि पट्ट्याच्या पुढंही गेली. ते पुढचं कसं होतं, ते फक्त हाताला माहीत. पण वाक्य तयार झालं होतं, आणि वाक्य चांगलं होतं. विहिरीवर फळी टाकावी तसं ते बरोबर बसलं. तिसऱ्या वर्षी छनबाई आल्या, तरुण, हसतमुख, त्याही म्हणाल्या, "सुरुवातीपासून सांगा हं." आता जंगसिक न अडखळता सांगू लागला. कुठं थांबायचं, कुठं खाली बघायचं, सगळं आपोआप व्हायचं. छनबाईंनी वर कळवलं, प्रगती समाधानकारक आहे.

त्याच हिवाळ्याच्या तोंडाशी तळ्यात एक मासेमार हरवला. जंगसिक खाली गेला आणि बऱ्याच वेळानं दोन्ही हातांत काहीतरी कवटाळून वर आला. डोकं छातीशी, पाठीखाली हात, तान्ह्या मुलाला आणावं तसं. मानसू होडीतून वाकला. जंगसिकनं आणला होता तो जुन्या एका तेंदूफळाच्या झाडाचा बुंधा होता.

मग मानसू म्हणाला, "दादा, याच्या नातेवाइकांना कळवू का?"

सगळे खो खो हसले. जंगसिकही हसला. हसताना त्यानं तो बुंधा सोडला नव्हता, हे फक्त मानसूला दिसलं.

आणि त्यानंतर कोबी घालायचा दिवस. हिवाळाभर पुरेल असं कोबीचं लोणचं, किमची, घालायला सासू, मेहुणी, शेजारच्या बायका, सगळ्या अंगणात जमल्या होत्या. आदल्या दिवशी मिठाच्या पाण्यात घातलेले लांबट कोबीचे गड्डे पिंपांत मऊ पडून होते. हेग्यंग म्हणाली, "सेबोमचे बाबा, तेवढे गड्डे काढून द्या हो इकडं. पाणी थंडगार आहे, आमची बोटं गळायला आलीत."

जंगसिकनं बाह्या वर केल्या आणि पिंपात हात घातले. सवयीनं डोळे मिटले. खाली पाण्यात गोल, मऊ, जड असं काही हाताला लागलं. पानं मागं सरली, बोटांवरून घसरली. त्यानं दुसरीकडं हात नेला, तिथंही तेच. सगळं पिंप भरलेलं होतं.

"काय हो, काय झालं?"

तो तसाच ओणवा राहिला होता.

"अगं बाई," मेहुणी म्हणाली, "पाण्यातनं माणसं काढणारा गडी, आणि कोबी काढवेना?"

"सरकार पगार देतं ना माणसं काढायचा," सासू म्हणाली. "कोबीचा कोण देणार?"

बायका हसल्या. जंगसिकनं हात बाहेर काढले, पँटला पुसले, पुन्हा पुसले, आणि फाटक उघडून चालता झाला. हेग्यंग त्याच्यामागं रस्त्यापर्यंत गेली. तो वाण्याच्या दुकानाच्या भिंतीला टेकून उभा होता.

"साहेबांशी बोला," ती म्हणाली. "मी सांगते, बोला. पाण्यावरून काढा म्हणावं. दुसरं काहीही द्या. नळ तपासायला घाला, गाडी धुवायला घाला."

"माणसं कमी आहेत. मी निघालो की मानसू एकटा पडेल."

"मानसूला त्याची आई आहे. तुम्ही माझे आहात."

ही तिची बोलण्याची पद्धत नव्हती. म्हणूनच दुसऱ्या दिवशी जंगसिक जिना चढून छे साहेबांसमोर जाऊन उभा राहिला.

छे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी स्वतः कॉफी ढवळून दिली. "पाण्यावरून काढू? अरे बाबा, पाणबुडे उरलेत किती माझ्याकडं? बोटावर मोजण्याइतके. तुझ्या जागी माणूस मागितला तर वरून विचारतात, असलेला माणूस मोडलाय का? आणि मोडलाय म्हटलं, तर तुझ्या नावावर तो शिक्का कायमचा. मग तुला गाडी धुवायलाही कुणी ठेवणार नाही."

"मला खाली भीती वाटते, साहेब. हातांची."

"हं." साहेबांनी कमरेमागं उशी सरकवली. "एक काम कर. मुख्यालयाची स्पर्धा आलीये, 'मी सावरलो' म्हणून. प्रत्येक ठाण्यानं एक माणूस पाठवायचाच आहे. छनबाई म्हणत होत्या, तू फार सुंदर सांगतोस. तू उभा राहा. मोठे साहेब असतील तिथं, तुझा चेहरा त्यांच्या लक्षात राहील. मग वसंतात बदलीसाठी मंडळापुढं अर्ज टाकू, मी स्वतः शब्द टाकीन. ओळखीच्या माणसाला नाही म्हणणं जड जातं, कळलं ना?"

जंगसिकला हिशोब बरोबर वाटला. या देशात नोकरी केलेल्या कुणालाही बरोबर वाटला असता. वरच्याचा मान ठेवायचा, त्याचं काम आधी करून द्यायचं, आणि मग आपलं मागणं हळूच पुढं सरकवायचं. सगळ्यांची कामं अशीच होतात.

मुख्यालयाच्या सभागृहात जंगसिक कडक इस्त्रीच्या गणवेशात उभा राहिला आणि त्यानं रविवारचा वारा सांगितला, डब्यांतला भात सांगितला, दप्तर सांगितलं. सभागृह मुसमुसलं. शेवटची ओळ छनबाईंनी लिहून दिली होती: आज मी पुन्हा पाण्यात उतरतो, निर्धास्त. पहिला क्रमांक आला. मोठ्या साहेबांनी दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. पुढं त्याचं छायाचित्र आणि दप्तराचं वाक्य छापलेली मोठी चित्रं जिल्ह्यातल्या सगळ्या ठाण्यांच्या भोजनगृहात लागली. बक्षीस म्हणून डोंगरातल्या एका मठात राहण्याची सोय झाली, तीही त्याच्याच सुट्टीच्या दिवसांत. आणि छातीवर लावायला एक बिल्ला मिळाला. आता तो दलातल्या इतरांचं दुःख ऐकणारा अधिकृत सोबती होता.

"या, पोस्टरवाले!" मानसू रोज म्हणायचा. "भात खाताना समोर तुम्ही, तोंड धुताना समोर तुम्ही. वहिनी कशा सहन करतात?"

माणसं खरंच येऊ लागली. एक रुग्णवाहिकेवरचा, एक शिडीवरचा. ती जंगसिकसमोर बसून बोलायची, आणि तो हात मांड्यांखाली दाबून ऐकायचा. त्यांना बरं वाटायचं. जाताना ती म्हणायची, "दादा, तुम्ही बाहेर आलात, मग आम्हीही येऊ." तेव्हा तो मान हलवायचा. या माणसांना आपण कुठं पाठवतोय, हे त्याला ठाऊक नव्हतं.

वसंतात मंडळ बसलं. छे साहेबांनी शब्द पाळला. स्वतः सोबत आले. लांब टेबलामागं दलातले तीन वरिष्ठ आणि एक डॉक्टरीणबाई. अध्यक्षांनी ओळखीचं हसून बसायला सांगितलं. "तुम्हांला कोण ओळखत नाही!"

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाण्यात गेल्यावर तुम्हांला नेमकं काय होतं?"

जंगसिकनं येताना गाडीत ठरवून ठेवलं होतं. बुंधा सांगायचा, कोबी सांगायचा, सुरी सांगायची. बस्स. त्यानं तोंड उघडलं.

"सणाच्या आधीचा रविवार होता," तो म्हणाला, "वारा सुटला होता."

म्हणताक्षणीच त्याला कळलं. ही व्यासपीठावरची पहिली ओळ होती. तिच्यामागं दुसरी आली, दुसरीमागं तिसरी, गणवेशातल्या माणसांसारखी पावलात पाऊल टाकत. त्यानं थांबायचा प्रयत्न केला, तर ते थांबणंही ठरलेल्या जागीच पडलं. बुंधा कुठं घालावा? दोन वाक्यांच्या मध्ये कोबीला जागाच नव्हती. तो स्वतःचा आवाज ऐकत राहिला, खालचा, भिजलेला, सुंदर आवाज. आणि आवाज पट्ट्यांपाशी आला आणि म्हणाला, शाळेतून दमून आलेल्या पोराच्या पाठीवरचं दप्तर काढावं ना, तसे...

अध्यक्षांनी मान खाली घातली. डॉक्टरीणबाईंच्या पापण्या हलल्या.

"तसं नव्हतं ते," जंगसिक घाईनं म्हणाला. "सुरी होती."

"काय म्हणालात?"

"सुरीनं कापलं मी. दप्तर वगैरे काही नव्हतं. खोटं आहे ते. मला हात... मी कोबी पण..."

तो थांबला. कोबी हा शब्द त्या टेबलावर पडला आणि कुणीच त्याला हात लावला नाही. मंडळी एकमेकांकडं बघू लागली. छे साहेबांनी खाकरून घेतलं. त्यांना आपला माणूस सांभाळून घ्यायचा होता. दुसऱ्यांसमोर त्याची शोभा होऊ द्यायची नव्हती. "फार विनयशील आहेत ते," साहेब म्हणाले. "कौतुक झालं की असे गोंधळतात. ठाण्यातही असंच."

"समजलं, समजलं," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज मायेचा होता. "हे बघा, वू, मी इतक्या वर्षांत पुष्कळ माणसं बघितली. ज्याला खरंच लागलेलं असतं, त्याला बोलता येत नाही. तो तिथंच अडकून बसलेला असतो. तुम्ही किती स्वच्छ सांगता! तुम्ही त्यातून बाहेर आलात. आज तुम्हांला पाण्यावरून काढलं, तर भोजनगृहात तुमचं चित्र बघणाऱ्या पोरांनी काय समजायचं?"

डॉक्टरीणबाई काहीतरी विचारणार होत्या. त्यांनी पेनही उचललं होतं. पण दाराबाहेर पुढचा अर्जदार बसला होता, आणि अध्यक्ष उठून उभे राहिले होते. अध्यक्ष उभे राहिल्यावर बसून कोण राहणार? सगळे उठले. जंगसिकही उठला आणि कमरेत वाकला.

अर्ज नामंजूर झाला. गाडीत छे साहेब म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू. तोवर नव्या सोबत्यांना शिकवायचं कामही तुझ्याकडं देतायत. मान आहे हा, जंगसिक." जंगसिक खिडकीबाहेर बघत होता. हेग्यंगला काय सांगायचं हे जुळवताना त्याच्या लक्षात आलं, की शब्द आधीच जुळून आलेत. त्यानं जुळवणं सोडून दिलं. घरी गेल्यावर नुसती मान हलवली. तिनं जेवण वाढलं. त्यानंतर तिनं साहेबांचं नाव काढलं नाही, आणि त्याच्याशीही ती फारशी बोलली नाही.

उन्हाळा लागला तेव्हा तळ्यावरच्या मोठ्या पुलावरून एकानं उडी टाकली. तिशीचा मुलगा. त्याचा बाप पलीकडच्या गावात पिवळ्या खरबुजांची शेती करायचा. तो पहिल्या दिवसापासून काठावर उन्हात उभा होता आणि पाणबुड्यांसाठी रोज पेटीभर खरबुजं थंड करून आणायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी, पुलाच्या मधल्या खांबाजवळ उतरायची पाळी जंगसिकची होती.

"मी जातो," मानसू एकदम म्हणाला. तो थट्टेच्या सुरात नव्हता.

"तू काल दोनदा गेलास. कान फुटेल तुझा."

"फुटू दे. दोन आहेत."

"दोरी धर," जंगसिक म्हणाला आणि मागं रेलून पाण्यात पडला.

तळाशी थंडी होती. वजन हाताला लागलं. फेऱ्याची दोरी हाताला लागली. जंगसिकनं डोळे मिटले आणि उजवा हात पुढं केला. आणि हात पुढं गेला नाही. थरथरला नाही, आखडला नाही, नुसता गेला नाही. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली. मग हात परत घेतला, काखेत दाबला, दुसराही दाबला, आणि वजनाशेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसला. वरून मानसूनं जंगसिकच्या कमरेच्या दोरीला एक झटका दिला: ठीक आहेस ना? जंगसिकनं झटका दिला: ठीक. बुडबुडे वर जात होते. पुन्हा वरून झटका. पुन्हा खालून झटका. त्यानं कुठल्याही बाजूला हात लांबवला नाही. पाऊलभर अंतरावर कुणी असेल किंवा नसेल. हे कळून घ्यायचं नव्हतं, एवढंच त्याला कळत होतं. टाकीचा काटा लाल रेघेला टेकेपर्यंत तो तसाच बसून होता.

वर आल्यावर मानसूनं त्याला काखेत धरून होडीत ओढलं, तोंडावरचा मुखवटा काढला आणि चेहऱ्याकडं बघितलं.

"इथं नाही," जंगसिक म्हणाला.

"सगळे फेरे झाले?"

"झाले. इथं काही नाही."

मानसूनं ते काठावरच्यांना ओरडून सांगितलं. एवढं पुरेसं होतं. ज्या जागेवरून वू जंगसिकचे हात फिरले, त्या जागी दुसऱ्यांदा माणूस उतरवायची रीत दलात नव्हती. तुकडीप्रमुखानं नकाशावर खांबाभोवती रेघ मारली.

होडी काठाला लागली. बाप पुढं आला. टोपी काढून तो इतका खाली वाकला, की त्याची भाजलेली मान दिसली. "माझ्या पोरासाठी एवढ्या खोल गेलात," तो म्हणाला, "या उपकाराची फेड कशी करू?" त्यानं खरबूज सोललं, फोडी केल्या आणि सगळ्यात मोठी फोड दोन्ही हातांनी पुढं धरली. वडीलधाऱ्या माणसानं दोन्ही हातांनी दिलेली वस्तू नाकारता येत नाही. जंगसिकनं हात पुढं केले. हे हात आता व्यवस्थित पुढं आले. त्यानं फोड घेतली आणि बाप बघत होता म्हणून ती सगळी खाल्ली.

दुपारनंतर होडी धरणाच्या बाजूला सरकली. शोध तिकडं चालू राहिला.